एकाच झुडपाचे मळे
तेलाच्या गुलाबाचे प्रजनन आणि जनुकीय खुणा : प्रस्तावना

एक किलो गुलाबतेल काढायला अडीच ते साडेतीन टन फुले लागतात. अत्तराच्या पेढीवर हा आकडा भाव समजावण्यासाठी सांगतात. पीकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यातून दुसराच प्रश्न पडायला हवा. उसाचा साखर उतारा वाढावा म्हणून कोइमतूरपासून पाडेगावपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या खपल्या. भाताचे, कापसाचे, द्राक्षाचे वाण आपल्या डोळ्यांदेखत बदलले. मग फुलाच्या वजनाच्या जेमतेम ०.०३ ते ०.०४ टक्के तेल देणाऱ्या या पिकाचा उतारा वाढवावा, असे कुणाच्या मनात आलेच नाही का?

आले होते. बल्गेरियात कझानलिक येथे गुलाबाच्या संशोधनाची संस्था १९०७ पासून आहे. मळ्यातली चांगली झुडपे हेरायची, त्यांची कलमे वाढवायची, शेजारी शेजारी लावून तुलना करायची, हे काम तिथे झाले, तुर्कस्तानात झाले, आपल्याकडेही झाले. अडचण अशी की मळ्यात उठून दिसणारे झुडूप खरोखर वेगळ्या वंशाचे आहे, की नुसते चांगल्या मातीत उभे आहे, हे ठरवायचे साधन कुणाकडे नव्हते. ते साधन विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएमधल्या खुणांच्या रूपाने हाती आले. त्याने दिलेला पहिला निकाल पैदासकारांची उमेद खचवणारा होता. ज्या मळ्यांतून निवड चालली होती, तिथे निवडायला मुळात काही नव्हतेच.

या पुस्तकाचा विषय त्या निकालापासून सुरू होतो. म्हणून तो जरा सावकाश सांगायला हवा.

जगातले बहुतेक गुलाबतेल दमास्क गुलाबापासून निघते. बल्गेरियात कझानलिक-कार्लोव्होच्या खोऱ्यात, तुर्कस्तानात इस्पार्ताभोवती, इराणमध्ये काशान आणि कमसरच्या परिसरात, आणि आपल्याकडे कन्नौज, अलीगढ, पुष्करच्या बाजूला याचे मळे आहेत. उत्तर प्रदेशात याला चैती गुलाब म्हणतात. फूल दिसायला साधे, फिकट गुलाबी. दांडी आखूड, फुलदाणीत न शोभणारी. वर्षातून एकदाच महिनाभर फुलतो. फुले पहाटे तोडायची आणि ऊन चढायच्या आत भट्टीवर पोचवायची, नाहीतर तेल उडून जाते. लग्नात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरते तेव्हा मनगटावर जो वास लागावा अशी आपली अपेक्षा असते, तो या फुलाचा. अत्तराचा शोध नूरजहानची आई अस्मत बेगम हिला लागल्याची नोंद खुद्द जहांगीराने आपल्या आठवणींत केली आहे. गुलाबपाणी काढताना भांड्यात वर साय धरली, ती तिने निपटून घेतली, असे तो सांगतो.

या झुडपाच्या जन्माबद्दल बराच काळ तर्कच चालू होते. २००० साली जपानी संशोधकांनी चार जुन्या दमास्क वाणांचा डीएनए तपासला आणि त्याचे तीन पूर्वज निश्चित केले. कस्तुरी गुलाब आणि युरोपातला गॅलिका गुलाब यांचा संकर झाला. त्या संकराच्या फुलावर मध्य आशियातल्या फेडचेंकोआना या रानगुलाबाचे पराग पडले. चारही वाणांत हीच वंशावळ निघाली. म्हणजे दमास्क गुलाब ही रानात वाढलेली जात नव्हे. तो एक योगायोग आहे, आणि कुणाच्या तरी बागेत माणसाच्या हाताने टिकलेला आहे.

टिकवायचा मार्ग एकच होता, तो म्हणजे फांदी. जुन्या झुडपाच्या फांद्या तोडून चरात आडव्या गाडायच्या आणि फुटलेल्या कोंबांची रांग तयार करायची, ही बल्गेरिया-तुर्कस्तानातली रूढ पद्धत. बी लावायचे नाही, कारण बियांतून उगवलेले प्रत्येक रोप निराळे निघते. कुणाला पाकळ्या पाचच, कुणी खुरटे, कुणाला वासच बेताचा. शेतकऱ्याने कलमच धरून ठेवले यात त्याचे शहाणपण आहे. पण फांदीतून वाढलेले झुडूप म्हणजे नवे अपत्य नव्हे, ते तेच झुडूप असते. इस्पार्ताचे उदाहरण घ्या. म्युफ्तुझादे इस्माईल एफेंदी यांनी १८८८ च्या सुमारास कझानलिकहून रोपे आणून तिथे लावली आणि १८९२ साली पहिले तेल काढले. हातातल्या काठीच्या पोकळीत लपवून त्यांनी कलमे आणली, अशी आख्यायिका आहे. काठी खरी असो वा नसो, एवढ्याशा आणलेल्या कलमांवर एका प्रांताची शेती उभी राहिली हे खरे.

आता निकाल. डीएनएच्या लांबलचक लिपीत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. सी-टी, सी-टी ही जोडी एखाद्या गुलाबात त्या जागी बारा वेळा असेल, दुसऱ्यात अठरा वेळा. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. कोवळे पान कुटून डीएनए वेगळा करायचा, पीसीआर यंत्रात नेमका तेवढाच तुकडा लक्षावधी पट वाढवायचा आणि तुकड्यांची लांबी मोजायची. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक लांबी एका टोकदार शिखराच्या रूपात उमटते. दमास्क गुलाबात गुणसूत्रांचे चार संच असतात, त्यामुळे एका जागी जास्तीत जास्त चार शिखरे दिसतात. अशा अनेक जागा तपासल्या की त्या झुडपाचा ठसा तयार होतो. दोन वेगळ्या बियांतून उगवलेल्या गुलाबांचे ठसे सगळ्या जागी जुळण्याची शक्यता जवळपास नसतेच.

२००४ साली इस्पार्ताच्या झुडपांचे ठसे प्रसिद्ध झाले. सगळे एक. २००५ साली सोफियाच्या संशोधकांनी तेलासाठी लावल्या जाणाऱ्या २६ नमुन्यांचे ठसे घेतले. पडद्यावर एकापाठोपाठ एक ओळी, आणि प्रत्येक ओळीत शिखरे त्याच जागी. तेही सगळे एक. युरोपच्या बागांतून शतकानुशतके जपलेले ‘यॉर्क अँड लँकेस्टर’ आणि ‘कात्र सेझाँ’ हे जुने दमास्क वाणही त्याच ठशाचे निघाले. एका झुडपाने दोन-तीन देशांतले मळे व्यापले होते, आणि माणसे त्यातून ‘उत्तम’ झुडूप निवडू पाहत होती.

इथेच एक सावधगिरीचा धडाही आहे, आणि तो या पुस्तकात वारंवार येईल. ‘यॉर्क अँड लँकेस्टर’च्या फुलांत गुलाबी-पांढऱ्याची सरमिसळ असते. ‘कात्र सेझाँ’ शरद ऋतूत पुन्हा फुलतो. कझानलिकचा तेलाचा गुलाब यांपैकी काहीच करत नाही. तरी तिघांचा ठसा एक. एखाद्या फांदीत झालेला लहानसा जनुकीय बदल रंग किंवा बहर बदलू शकतो, पण तो बदल तपासलेल्या जागांपैकी एखाद्या जागी झाला नसेल, तर ठशात दिसणार नाही. बांधावरचा दगड शेताची हद्द सांगतो, शेतात काय पिकले ते सांगत नाही. म्हणून ‘ठसा एक’ याचा अर्थ ‘वंश एक’ एवढाच घ्यायचा, ‘गुण एक’ असा नाही.

भेद कुठे सापडला, तर इराणमध्ये. २००७ साली तिथल्या वेगवेगळ्या प्रांतांतील ४० नमुन्यांची तपासणी झाली आणि नऊ निराळे ठसे निघाले. इस्फहान प्रांतातल्या मुख्य लागवडीचा ठसा बल्गेरियाच्या ठशाशी तंतोतंत जुळला, पण बाकीचे वेगळे होते. तेलाचा व्यापार ज्या झुडपावर चालतो, त्याची भावंडे इराणच्या खेड्यापाड्यांत अजून जिवंत आहेत, हे या अभ्यासाने दाखवले. माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच सर्वांत मोलाची माहिती. पैदासकाराला कच्चा माल लागतो, आणि तो कुठे आहे हे खुणांनी सांगितले.

कच्चा माल मिळाला, संकर केला, पुढे काय? पुढे वाट पाहायची. एकदाच बहरणाऱ्या गुलाबाचे बियांपासूनचे रोप पहिले फूल द्यायलाच दोन-तीन वर्षे घेते. पहिल्या बहरात मिळून मिळून शे-दोनशे ग्रॅम फुले मिळतात. क्लेव्हेंजरच्या काचेच्या यंत्रात शंभर ग्रॅम फुले आणि पाणी घालून तासन्‌तास उकळले, की बारीक नळीत पाण्यावर तेलाचा पिवळसर थर जमतो. हिशेबाने तो ४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोनेक थेंब. या दोन थेंबांवरून वाणाचे भवितव्य ठरवायचे. त्यातही त्या दिवशी फुले उशिरा तोडली, आदल्या रात्री पाऊस झाला, पाकळ्या थोड्या जास्त उमलल्या, तर आकडा हलतो. खात्री हवी तर रोपाची कलमे करून ती मोठी होऊ द्या, निरनिराळ्या ठिकाणी लावा, चार-पाच हंगाम मोजा. एका रोपासाठी दहा वर्षे सहज जातात. आणि संकरातून रोपे निघतात शेकड्यांनी.

खुणांचा खरा उपयोग इथे येतो. एखादी खूण हव्या त्या गुणाच्या जनुकाशेजारी एकाच गुणसूत्रावर असेल, तर आईबापांकडून पोरांकडे जाताना ती दोन्ही बहुधा बरोबर जातात. मग रोप बोटभर असतानाच पान तपासून सांगता येते की यात तो गुण असण्याचा संभव आहे की नाही. नको ती रोपे रोपवाटिकेतच काढून टाकायची आणि दहा वर्षांची मेहनत निवडक रोपांवर करायची. खूण आणि जनुक जितके जवळ, तितका अंदाज पक्का. दूर असतील तर मधून गुणसूत्र तुटून जोडले जाते आणि खूण एकीकडे, गुण दुसरीकडे अशी फारकत होते.

गुलाबात हे काम इतर पिकांपेक्षा कठीण आहे ते चार संचांमुळे. एखादा गुण सर्व प्रती बदललेल्या असल्याशिवाय दिसत नसेल, असे धरू. दोन संचांच्या झाडात दोनपैकी एक प्रत बदललेली असेल, तर स्वपरागणातून चारात एक रोप हवे तसे निघते. चार संचांच्या झाडात चारपैकी दोन प्रती बदललेल्या असल्या तरी छत्तिसात एकच. गुलाबाचा सतत फुलण्याचा गुण याच जातीचा आहे. फुलणे रोखून धरणाऱ्या एका जनुकात उपरा डीएनए तुकडा घुसला की झुडूप बारमाही फुलू लागते, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. वर्षातले अकरा महिने थंड पडणाऱ्या भट्ट्यांच्या दृष्टीने या खुणेचे महत्त्व उघड आहे. पण रोपात नुसती खूण असून भागत नाही, ती चारपैकी किती प्रतींत आहे हे मोजावे लागते. गुलाबाचा पहिला जनुकीय नकाशा १९९९ साली जर्मनीत झाला तो दोन संचांच्या गुलाबांवर, यामागचे कारणही हेच. चार संचांसाठी साधने पुढे आली. २०१५ साली नेदरलँड्समधील वाखेनिंगेनच्या पुढाकाराने सुमारे ६८ हजार जागा एकाच वेळी तपासणारी चिप तयार झाली. २०१८ साली ‘ओल्ड ब्लश’ या चिनी गुलाबाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात सात गुणसूत्रांवर सुमारे ३६ हजार जनुके आढळली.

साधने आली, पण शोधायचे काय? वाचकाची सर्वाधिक फसगत होते ती इथे, म्हणून त्यावर एक पूर्ण प्रकरण दिले आहे. वासाचा गुलाब आणि तेलाचा गुलाब या दोन गोष्टी आहेत. ताज्या फुलाचा जो गोडसर वास येतो, त्यात फिनाइल इथाइल अल्कोहोलचा वाटा मोठा. हे द्रव्य पाण्यात विरघळते. भट्टीतून निघताना ते बहुतांशी गुलाबपाण्यात जाते, तेलात थोडेच राहते. तेल बनते ते मुख्यतः सिट्रोनेलॉल, जेरानिऑल, नेरॉल यांचे, आणि ज्यांना स्वतःचा वास जवळपास नाही अशा मेणचट हायड्रोकार्बनांचे. थंडीत तेल गोठते ते या मेणामुळे. शिवाय डॅमॅसेनोनसारखी द्रव्ये, जी वजनात नगण्य आणि नाकाला मात्र चटकन जाणवणारी. तेव्हा नाकाने निवडलेले रोप भट्टीवर नापास होऊ शकते. पैदासकाराला वासाचे नव्हे, तेलाचे जनुक हवे.

त्या दिशेने मोठे पाऊल २०१५ साली फ्रान्समध्ये पडले. ‘पापा मेयाँ’ आणि ‘रूज मेयाँ’ हे दोन्ही लाल गुलाब. पहिला घमघमणारा, दुसरा जवळपास बिनवासाचा. दोघांच्या पाकळ्यांत कोणती जनुके जागी असतात याची तुलना करताना एक जनुक उठून दिसले, एनयूडीएक्स-१. इतर सुगंधी वनस्पतींत जेरानिऑल तयार करणारे विकर टर्पीन सिंथेज गटातले असते, म्हणून सगळे तिथेच शोधत होते. गुलाबाने वेगळीच वाट धरली होती. त्याचे विकर न्यूडिक्स या निराळ्याच कुळातले आहे. तेलाच्या मुख्य घटकांपैकी एकाचा पत्ता लागला. पण एका जनुकाने तेलाचा उतारा ठरत नाही. पाकळ्यांची संख्या, पाकळीवरच्या पेशी, फुलाचे वजन, बहराचे दिवस, हवामान, सगळे मिळून तो आकडा बनतो. त्यामुळे उताऱ्यासाठी एकच हुकमी खूण मिळेल ही आशा मी वाचकाला दाखवणार नाही. एकेका जनुकावर चालणाऱ्या गुणांत मात्र खुणांनी आधीच हात दिला आहे. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रोखणारे आरडीआर-१ हे जनुक रानगुलाबातून आलेले आहे, आणि खुणांच्या साहाय्याने ते शोधून वेगळे केले गेले.

आता या पुस्तकाचे म्हणणे सांगतो. पैदासकार भेदाच्या शोधात असतो. अत्तराचा बाजार नेमका उलटा. त्याला कालच्यासारखेच तेल आज हवे. गुलाबतेलासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात सिट्रोनेलॉल किती ते किती, जेरानिऑल किती ते किती, हे बांधून दिले आहे. दुप्पट तेल देणारा पण त्या चौकटीबाहेर जाणारा वाण व्यापाऱ्याच्या लेखी निरुपयोगी. आजवर ही ओढाताण एका मार्गाने सुटली होती. भेदच नको, एकच झुडूप लावत राहा. त्याची किंमत म्हणजे एखादा नवा रोग आला, तर सगळे मळे सारख्याच प्रमाणात त्याला बळी पडतील. खुणांमुळे पहिल्यांदा दुसरा मार्ग दिसतो. तेलाची ओळख ठरवणारे जनुकसंचाचे भाग जसेच्या तसे राखायचे, आणि रोगप्रतिकार, बहराची मुदत, काटे, पाकळ्या हे भाग बदलायचे. म्हणजे खुणांचे काम नवे शोधण्याइतकेच जुने जपण्याचे आहे. गुलाबाच्या बाबतीत तर मी म्हणेन, आधी जपण्याचे.

भारतात या कामाची दोन केंद्रे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेने ‘नूरजहाँ’ आणि ‘रानीसाहिबा’ हे वाण दिले. हिमाचलातील पालमपूरच्या संस्थेने ‘ज्वाला’ आणि ‘हिमरोज’ दिले. पालमपूरला दमास्क आणि बुरबॉन गुलाब यांचे संकरही झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात रोपे खरोखर संकरित आहेत का, हे खुणांनी पडताळून पाहिले होते. हा उपयोग दिसायला किरकोळ, पण खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी. गुलाबाचे फूल स्वतःच्याच परागाने कधी फळेल याचा नेम नाही. फसलेला संकर पाच वर्षे सांभाळण्यापेक्षा एक पान तपासणे केव्हाही स्वस्त.

महाराष्ट्राचा गुलाबाशी संबंध जुना असला, तरी मावळातल्या पॉलिहाउसमधून फेब्रुवारीत परदेशी जाणारा गुलाब आणि हा गुलाब यांची गाठ पडत नाही. तिथली निवड लांब दांडी, टिकाऊ फूल आणि प्रवास सोसण्याची ताकद यांवर झाली, आणि वास मागे पडला. ते उदाहरण आपल्या दाराशी असल्याने एका गुणाच्या मागे लागून दुसरा कसा हरवतो, हे मराठी विद्यार्थ्याला वेगळे समजावावे लागणार नाही. फूलशेतीचे राष्ट्रीय संशोधन संचालनालयही पुण्यातच आहे, तेव्हा या विषयाचे अभ्यासक इथे तयार होऊ शकतात. मात्र दमास्क गुलाबाला हिवाळ्यात चांगली थंडी आणि बहराच्या वेळी गार, दमट पहाट लागते. दख्खनच्या पठारावर त्याची लागवड करा, असा सल्ला या पुस्तकात कुठेही नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात झुडूप, त्याचे पूर्वज आणि मळ्यांचा प्रवास. दुसऱ्यात तेल, देग-भपक्याच्या जुन्या भट्टीपासून आधुनिक ऊर्ध्वपातनापर्यंत, आणि तेलातल्या घटकांची ओळख. तिसऱ्यात खुणांचे प्रकार, त्या कशा वाचायच्या आणि चार संचांचे गणित. हा भाग थोडा कष्टाचा आहे. ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी उदाहरणे तेवढी वाचून पुढे जावे, काही बिघडत नाही. चौथ्यात प्रत्यक्ष निवड, म्हणजे कोणते आईबाप, किती रोपे, कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ‘डीएनए तपासून निवडलेला’ असा शिक्का मारलेली रोपे आज ना उद्या बाजारात येतील. पुस्तक मिटल्यावर वाचकाने विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत, एवढीच माझी अपेक्षा. खूण कोणत्या गुणाची, आणि ती याच संकराच्या रोपांवर पडताळली आहे का? तेलाचा उतारा किती हंगाम आणि किती ठिकाणी मोजला? आकडा किलोभर फुलांमागे आहे की एकरामागे? आणि तेल मानकाच्या चौकटीत बसते का? उत्तरे मिळाली तर लागवडीचा विचार करावा. न मिळाली, तर खुणांचा तक्ता कितीही देखणा असो, पैसे खिशातच ठेवावेत.